सोसायटीच्या सभासदांचं प्रशिक्षण: लोक यायलाच तयार नाहीत, काय करावं?

नमस्कार मंडळी,

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या विकास सोसायटीवर (शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी सहकारी संस्था) मी गेल्या निवडणुकीत संचालक झालो. सहकार कायद्याच्या कलम २४ अ प्रमाणे सभासद, पदाधिकारी, सेवक सगळ्यांनाच प्रशिक्षण द्यायचं असतं, शिक्षण निधीही भरायचा असतो. म्हणून मीच मागं लागून मागच्या महिन्यात एक दिवसाचा वर्ग लावला. साडेचारशे सभासद, आले ३१. त्यातले ११ आम्हीच, संचालक नि सेवक.

बरं, आमच्याकडं शिकायचा कंटाळा म्हणावं तर तेही खोटं. द्राक्ष बागायतदार संघाचं चर्चासत्र असलं की हीच माणसं पदरचे पैसे घालून जातात, वहीत डोस लिहून घेतात. गोडी छाटणीच्या तोंडावर कुणी सल्लागार गावात आला तर देवळात बसायला जागा मिळत नाही. सोसायटीचं नाव काढलं की मात्र, "त्यात काय शिकायचं? कर्ज उचलायचं, मार्चला नवं-जुनं करायचं." (म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायचं.) एका आण्णांनी तर तोंडावर सांगितलं, "शिकायचं ते संचालकांनी. आम्हाला इलेक्शनला बोलवा."

वर्गात पाहुण्यांनी १८४४ च्या रॉचडेलच्या विणकरांपासून (इंग्लंडात सहकाराचा पाया घालणारे) सुरुवात केली. मग सहकाराची सात तत्त्वं, मग सहकारी संस्थांबद्दलची ९७ वी घटनादुरुस्ती. (तत्त्वं वाईट नाहीत हो, पण औषध मारायचं सोडून आलेल्या माणसाला?) जेवणाआधी एक काकी उठल्या. सातबारा मालकांच्या नावावर, पण कर्जाचं सगळं त्याच बघतात. म्हणाल्या, "दरवेळी कर्जातनं शेअर्सला पैसे कापता. आतापर्यंत आमचे किती जमले? आणि परत कधी मिळतात?" पाहुणे म्हणाले, गटसचिवांना (सोसायटीचं दप्तर सांभाळणारे) विचारा. गटसचिव म्हणाले, रजिस्टर ऑफिसात आहे. जेवणानंतर १७ जण उरले.

मला पुढचा वर्ग त्या काकींच्या प्रश्नापासूनच सुरू करायचा आहे. शेअर्सचं काय होतं, ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाचं शून्य टक्के व्याज मुदत चुकली की हातचं का जातं, नफ्यातला चौथा हिस्सा आधी राखीव निधीत का टाकावा लागतो. बास, एवढंच. रात्री जेवणं झाल्यावर, दीड-दोन तास. कुणी असं करून बघितलंय का? बाहेरचा माणूस आणावा की गावातल्याच कुणी बोलावं?

प्रतिसाद १
मी गटसचिव म्हणून निवृत्त झालो. आधी प्रत्येकाचा खातेउतारा छापून हातात द्या: शेअर्स, मुद्दल, व्याज, भरायची तारीख. स्वतःचं नाव असलेला कागद माणूस वाचतोच. मग ताळेबंदात तीच शेअर्सची रक्कम कुठं बसते ते दाखवा. आणि वर्ग वार्षिक सभेच्या आठवडाभर आधी घ्या, म्हणजे "मंजूर, मंजूर" ओरडायच्या आधी चार जण तरी अहवाल उघडतील.

प्रतिसाद २
आधी संचालकांना बसवा राव. शेअर भांडवल देण्याच्या बाजूला का लिहितात, हे आमच्या मंडळातल्या निम्म्यांना सांगता येणार नाही. मी धरून.

धागाकर्ता
धन्यवाद काका. उताऱ्यांचं आजच गटसचिवांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "एकदा दिले की रोज कुणी ना कुणी विचारायला येऊन बसंल." तुम्ही त्या खुर्चीवर बसलेला आहात, त्यांना कसं राजी करू ते सांगा.