पुण्याच्या उन्हात ॲक्झोलोटल पाळायचाच कशाला?

मुठाकाठची: भाच्याने दिवाळीत ॲक्झोलोटल आणला, म्हणजे पाण्यातच राहणारा, बेडकाच्या नात्यातला सॅलमँडर, गुलाबी, मानेभोवती कल्ल्यांची झालर, सगळ्या घराचा जीव जडला त्याच्यावर. आणि मग एप्रिल आला. त्याला पाणी लागतं १६ ते १८ डिग्री, आमच्या टँकमध्ये ३० च्या वर, पोरगं रात्री दोन-दोनदा उठून बर्फाच्या बाटल्या सोडत होतं तरी तिसऱ्या आठवड्यात गेला. दुकानदाराने टँकचं पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचं नावही काढलं नव्हतं. मेक्सिको सिटीत सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या शोचिमिल्कोच्या कालव्यांतला जीव तो, पुण्यात विकायलाच नको.

टँकवाला_सिंहगडरोड: ताई, वाईट वाटलं वाचून. पण बंदी नको. मी आधी चिलर घेतला, महिनाभर पाणी सेट केलं, मग प्राणी आणला, चार उन्हाळे काढलेत त्याने. शोचिमिल्कोत १९९८ ला चौरस किलोमीटरला साधारण ६००० होते, २०१४ ला ३६ वर आले, म्हणजे ही जात टिकलीये ती टँकमध्येच ना?

उजनीकर: पण तिथं संपला कशानं ते पण सांगा की. सांडपाणी, आणि बाहेरनं आणून सोडलेले तिलापिया न् कार्प, त्यांनी अंडी-पिल्लं खाल्ली. तीच तिलापिया आमच्या उजनीत चिलापी म्हणून भरलीय, वर हौसेनं पाळून कंटाळा आला की सोडलेले सकर मासे. उद्या कुणी लाईटबिल परवडेना म्हणून ॲक्झोलोटल पाषाण तलावात सोडला तर?

टँकवाला_सिंहगडरोड: मे महिन्यात तोच मरेल दादा, तलावाला काय होणार.

बेडूकवेडी: तो मरेल हो, पण अंगावर कायट्रिड बुरशी असली तर ती पाण्यात उतरणार, या बुरशीने जगभर बेडकांच्या जाती संपवल्यात आणि आपल्या सह्याद्रीत असे बेडूक आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि टँकमधल्यांनी जात टिकते हे मला पटतच नाही. पाळीव ॲक्झोलोटलमध्ये टायगर सॅलमँडर या दुसऱ्या जातीचं रक्त मिसळलंय, १९६० च्या दशकात लॅबमध्ये संकर केला होता, त्यांना शोचिमिल्कोत परत कसं सोडणार?

टँकवाला_सिंहगडरोड: संकराचं मान्य, तो मुद्दा मागे घेतो. पण नियम आहेत ना, अशा परदेशी प्राण्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती नीट राबवा.

मुठाकाठची: आम्हाला बिल पण दिलं नव्हतं हो, नोंदणी कुठली सांगताय. चिलर चालू असलेला टँक दाखवल्याशिवाय प्राणी हातात देऊ नये, एवढं तरी मान्य आहे का तुम्हाला?

टँकवाला_सिंहगडरोड: हो, हे शंभर टक्के.