अपमान वॉशिंग्टनने केला, किंमत कीवने का मोजायची?

वोल्गाकाठ

मार्च १९९९. रशियाचे तेव्हाचे पंतप्रधान येवगेनी प्रिमाकोव्ह अमेरिकेला निघाले होते. आदल्याच ऑगस्टमध्ये रूबल गडगडलेला, तिजोरी रिकामी, नाणेनिधीच्या कर्जासाठी वॉशिंग्टनचा होकार हवा होता. विमान अटलांटिकवर असताना उपाध्यक्ष अल गोर यांच्याकडून कळलं की युगोस्लाव्हियावरचे हल्ले आता टळत नाहीत. प्रिमाकोव्हनी विमान तिथूनच मागे वळवलं. सुरक्षा परिषदेची मंजुरी न घेता नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली. पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक नाटोत येऊन तेव्हा जेमतेम बारा दिवस झाले होते.

ज्याच्या शब्दाशिवाय दहा वर्षांपूर्वी अर्ध्या युरोपात पान हलत नव्हतं, त्याला आता कोणी विचारतही नाही, हे रशियन माणसाला त्या दिवशी कळलं. हा सल खरा आहे. रशियाची तक्रार म्हणजे निव्वळ कांगावा असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. अपमान वॉशिंग्टनने केला, तर २००८ मध्ये रणगाडे जॉर्जियात का शिरले? २०१४ मध्ये क्रिमिया का घेतला? २४ फेब्रुवारी २०२२ ला क्षेपणास्त्रं कीव आणि खारकीववर का पडली? वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हेच. १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा सोडून दिला. त्याच्या सीमा मानू असं लिहून देणाऱ्यांत अमेरिका आणि ब्रिटनबरोबर रशियाचीही सही आहे.

आणि एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया नाटोकडे धावले ते अमेरिकेने फूस लावली म्हणून नव्हे. मार्च १९४९ मध्ये तिथल्या हजारो कुटुंबांना मालगाड्यांत भरून सैबेरियाला नेलं होतं. ज्या घरातले आजी-आजोबा असे नेले गेले, त्या घराला भीती वाटायला परक्याने शिकवावं लागत नाही.

प्रतिपक्ष

मांडणी चांगली आहे, पण तुम्ही १९९९ वरून उडी मारून थेट २००८ ला पोहोचलात. मधली वर्षं गाळली की रशिया आपोआप खलनायक ठरतो.

थोडं मागूनच सुरुवात करतो. ९ फेब्रुवारी १९९० रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी गोर्बाचेव्हना सांगितलं की नाटोचं कार्यक्षेत्र पूर्वेकडे एक इंचही सरकणार नाही. हे करारात आलं नाही, मान्य. पण बोललेल्या शब्दाला किंमत नसेल तर मुत्सद्देगिरी कशाला म्हणायचं? १९९७ मध्ये जॉर्ज केनन यांनी इशारा दिला की नाटोचा विस्तार ही शीतयुद्धोत्तर काळातली अमेरिकेची सर्वांत घातक चूक ठरेल. सोव्हिएत संघाला रोखण्याचं धोरण ज्याच्या डोक्यातून निघालं, तोच माणूस हे सांगत होता.

आता गाळलेली वर्षं. ११ सप्टेंबर २००१ नंतर बुश यांना सर्वांत आधी फोन करणारे परदेशी नेते पुतिन होते. मध्य आशियातले तळ अमेरिकेने वापरायला त्यांनी हरकत घेतली नाही. पुढच्याच महिन्यात रशियाने क्यूबातलं लूर्देसचं टेहळणी केंद्र आणि व्हिएतनाममधला काम रान्हचा तळ सोडत असल्याचं जाहीर केलं. याहून स्पष्ट हात पुढे कसा करतात? उत्तर मिळालं डिसेंबरात: १९७२ च्या क्षेपणास्त्रविरोधी करारातून अमेरिका बाहेर. २००४ मध्ये एका दमात सात देश नाटोत. मग एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टला नाटोच्या परिषदेत जाहीर झालं की युक्रेन आणि जॉर्जियाही एक दिवस सदस्य होतील. कधी, ते सांगितलं नाही, म्हणजे संरक्षण नाही आणि चिथावणी मात्र पुरेपूर. जॉर्जियातलं युद्ध त्यानंतर चार महिन्यांत झालं.

१९६२ मध्ये क्यूबात क्षेपणास्त्रं आल्यावर केनेडी जग जाळायच्या काठावर गेले होते. क्यूबाही सार्वभौमच होता ना?

शेवटची ट्रेन

दोघांचं वाचलं. मी २०२२ मध्ये खारकीवला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते.

आमच्या घरमालकीणबाई आयुष्यभर रशियनच बोलत आल्या. त्यांची बहीण सीमेपलीकडे बेल्गोरोदला राहते. खारकीवहून तासाभराचा रस्ता. पहिल्या रात्री भुयारी स्टेशनात आम्ही फरशीवर बसलो होतो आणि काकू बहिणीला फोनवर सांगत होत्या की आमच्यावर बॉम्ब पडताहेत. बहीण म्हणत होती, असं काही नाही, तुला कोणीतरी घाबरवतंय. काकूंनी फोन ठेवला. मी होते तोवर त्यांनी पुन्हा लावला नाही.

रशियन भाषकांच्या रक्षणासाठी हे चाललंय असं कोणी लिहिलं की मला त्या फरशीची आठवण येते. बेकर काय म्हणाले ते काकूंना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

ओझरकर

मी ओझरला विमानाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढली. आधी मिग, मग सुखोई. तेव्हा मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पोरी, तुझ्यावर गुदरलं ते वाईटच. पण आमच्या पिढीचं गणित वेगळं आहे. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, तेव्हा आपल्या बाजूने कोण उभं होतं? सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव पुन्हा पुन्हा आला आणि सोव्हिएत प्रतिनिधीने दर वेळी नकाराधिकार वापरला. ढाका पडेपर्यंत आपल्याला वेळ मिळाला तो त्यामुळे. पवईच्या आयआयटीत पहिली यंत्रं आली ती तिकडूनच. ज्याने पडत्या काळात हात दिला, त्याच्या पडत्या काळात आपण बोट दाखवायचं नाही, एवढंच मला समजतं.

मार्च २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला आणि आपण तटस्थ राहिलो. बरोबर केलं.

वोल्गाकाठ

ओझरकर, १९७१ चं ऋण मीही मानतो. पण तो हात फक्त रशियाचा होता का? हवाई दलाची एएन-३२ विमानं लेह आणि अरुणाचलला रसद पोचवतात. ती कीवमध्ये घडली. तलवार वर्गाच्या युद्धनौकांची गॅस टर्बाइन मिकोलायीवची. आपली विक्रमादित्य आधी सोव्हिएत नौदलात होती, ती बांधली गेली मिकोलायीवच्याच गोदीत. हे शहर युक्रेनमध्ये आहे आणि २०२२ मध्ये त्यावर महिनोन्‌महिने मारा झाला. ऋण सोव्हिएत संघाचं असेल तर वारस एकटं मॉस्को कसं?

प्रतिपक्ष, बुखारेस्टबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. त्याहून वाईट तोडगा काढता आला नसता. पण क्यूबाचा दाखला उलटून पाहा. केनेडींनी क्यूबाचा एक प्रांत आपल्या नकाशात घातला नाही. युक्रेनमध्ये १ डिसेंबर १९९१ ला सार्वमत झालं. नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्य मागितलं, रशियालगतच्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्ये ऐंशीहून जास्त, क्रिमियातही निम्म्याहून अधिक. ही माणसं दोन मोठ्यांच्या भांडणात कुठेच का दिसत नाहीत?

शिवाय या युद्धाने मिळवलं काय? दोनशे वर्षं कुठल्याही लष्करी गटात न गेलेला स्वीडन नाटोत गेला. फिनलंड गेला, म्हणजे नाटोला लागून तेराशे किलोमीटरहून लांब नवी सीमा. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानमधल्या नागोर्नो-काराबाखमधून आर्मेनियन लोक हाकलले गेले तेव्हा रशियाचे शांतिसैनिक तिथेच होते, पाहत राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियाचे अध्यक्ष असद यांना मॉस्कोला पळावं लागलं. मित्रांना वाचवता येत नाही आणि शेजाऱ्यांना सोडवत नाही, अशी आजची अवस्था आहे.

प्रतिपक्ष

सार्वमताचे आकडे मला खोडता येणार नाहीत. खोडायचेही नाहीत.

पण भारतातून पाहताना माझी काळजी वेगळी आहे. रशियाला कोपऱ्यात ढकललं की तो चीनच्या मांडीवर जाऊन बसतो. ४ फेब्रुवारी २०२२ ला बीजिंगमध्ये दोघांनी ‘मर्यादा नसलेली मैत्री’ जाहीर केली. उद्या लडाखमध्ये पुन्हा गलवान झालं तर सुखोईचे सुटे भाग पाठवताना मॉस्को आधी कोणाचं तोंड पाहील? पश्चिमेने लादलेला प्रत्येक निर्बंध आपल्याला या प्रश्नाच्या जवळ नेतो. आणि आपण तेल घेतलं म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्याच मालावर २५ टक्के जादा कर बसवला. म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर काढणारा एकटा रशिया नाही.

वोल्गाकाठ

तो कर अन्यायच होता. सुट्या भागांची काळजी मात्र दिल्लीला तुमच्याआधीच लागलेली दिसते: २०१०–१४ मध्ये आपल्या शस्त्रआयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता, २०२०–२४ मध्ये ३६ वर आला. निम्मा. बोट न दाखवताही हात सोडवून घेता येतो.

ओझरकर

मिकोलायीवचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून पहाटे लिहितोय.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे तिकडचे तज्ज्ञ यायचे. टाउनशिपमध्ये त्यांची वेगळी घरं होती. आम्ही सगळ्यांनाच ‘रशियन’ म्हणायचो. त्यातले एक जण माझ्याच शॉपमध्ये होते, मोठे सज्जन, द्राक्षांच्या दिवसांत पोराबाळांना घेऊन पिंपळगावला जायचे. एकदा मी त्यांना रशियन म्हटलं तर त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या जॉब कार्डाच्या मागे नकाशा काढला, त्यावर एक टिंब दिलं आणि तीनदा म्हणाले, ‘खारकोव्ह, खारकोव्ह, खारकोव्ह.’ मी हसलो होतो. मला वाटलं, एकच की.

आपण तेल घ्यावं, सुखोईला रशियाकडून भाग घ्यावेत, या मतावर मी ठाम आहे. ते बदलणार नाही. पण पोरी, तुझ्या त्या काकू आता कुठे आहेत? काही कळतं का?

शेवटची ट्रेन

आजोबा, पोलंडमध्ये आहेत, व्रोत्स्वाफला. दिवाळीला मेसेज येतो. अजून रशियनमध्येच लिहितात, शेवटी एक ओळ युक्रेनियनमध्ये.