बाबांना लाकडी जहाजं दाखवायची आहेत: मांडवीत राहावं की भुजहून जाऊन यावं?

प्रश्न: प्रतापनगर, नागपूर

नमस्कार. जानेवारीत मी बाबांना घेऊन कच्छला जाऊन राहिली आहे. बाबा 71 वर्षांचे. आयटीआयमध्ये 32 वर्षं सुतारकाम शिकवलं. हातात कायम सागवान, समुद्र मात्र एकदाच पाहिला, तोही मुंबईला कामाच्या धावपळीत.

दिवाळीनंतर एकदा टीव्हीवर मांडवीच्या नदीकाठचा जहाजाचा लाकडी सांगाडा दाखवत होते. बाबा पानावरून उठले आणि उष्ट्या हातानेच टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. आई गेल्यापासून त्यांनी मला काही मागितलेलं नाही. त्या रात्री म्हणाले, "हे जवळून पाहायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

टूरवाल्याने पाच दिवसांचा बेत दिला आहे: दोन रात्री रणातल्या तंबूत, दोन रात्री भुज, आणि मांडवी अर्धा दिवस, त्यातही राजवाडा आणि बीच. जहाजांचं नावच नाही. विचारलं तर म्हणाला, "ते रस्त्यावरून दिसतात मॅडम."

बाबांचे गुडघे दुखतात, सलग दहा मिनिटांच्या वर चालवत नाही. मांडवीत मुक्काम करावा का? जहाजांपाशी जाऊ देतात का? तारीख अजून पक्की नाही, 13 ते 17 चा विचार आहे.

उत्तर: लाकडगंज

ताई, आमचं घराणं मूळ मांडवी तालुक्यातलं. आजोबा लाकडाच्या धंद्यासाठी नागपुरात आले, आता माझी आरा मशीन आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तारीख बदला. 14 आणि 15 ला तिकडे उत्तरायण. अख्खा गुजरात गच्चीवर पतंग उडवत असतो, कारागीर कामावर सापडणं कठीण. 20 नंतर जा.

दुसरं, मांडवीतच राहा. दोन रात्री तरी. भुजहून मांडवी दक्षिणेला 60 किलोमीटर आणि धोरडोचं पांढरं रण उत्तरेला 80 च्या आसपास. दोन्ही टोकं पाच दिवसांत गाठायची म्हणजे काका गाडीतच बसून राहतील. रण सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही, पण काकांनी रण मागितलेलं नाही.

गावाचं नावच मांडवी, म्हणजे जकातीचं ठाणं. आपल्या जुन्या मराठीतही हाच शब्द होता, मुंबईची मांडवीसुद्धा त्यातलीच. पाऊस नागपूरच्या निम्म्याहूनही कमी, शेतीचा भरवसा नाही, म्हणून माणसं समुद्रावर गेली. अरबस्तान, आफ्रिकेचा पूर्व किनारा इथवर इथली जहाजं जात. रुक्मावती नदी समुद्राला मिळते तिथे काठावरच जहाजं बांधतात, हे काम जवळपास चारशे वर्षांपासून चालू आहे. तिकडे जहाजाला 'वहाण' म्हणतात, आपली पायातली वहाण समजू नका.

एक वहाण उभं राहायला दोन वर्षं सहज जातात, कधी जास्त. मोठ्या फळ्यांना मलेशियाकडून आलेलं साल लाकूड वापरतात. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून बसवतात, पाणी आत येऊ नये म्हणून. शिडं गेली, आता इंजिन बसवतात, पण हातकाम तेच आहे.

काठावर गेलात की आधी मिस्त्रीला विचारा. काका सुतार आहेत एवढं सांगा, बाकी काही सांगायची गरज नाही. सकाळी आठ-नऊला जा, ऊन चढायच्या आत. रिक्षा अगदी जवळपर्यंत जाते. खाली चिखल आणि लाकडाचे तुकडे असतात, खिळेही, म्हणून चपला नको, बंद बूट घाला.

उत्तर: धरमपेठ

मांडवीत असाल तर क्रांतितीर्थ, म्हणजे क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मांचं स्मारक, चुकवू नका. श्यामजी मांडवीचे, जन्म 1857 चा. लंडनमधलं इंडिया हाऊस त्यांनी 1905 मध्ये सुरू केलं आणि टिळकांच्या शिफारशीवर 1906 मध्ये सावरकर तिथे राहायला गेले. त्याच इमारतीची प्रतिकृती इथे उभारली आहे. श्यामजी 1930 मध्ये जिनिव्हात वारले आणि त्यांच्या अस्थी भारतात यायला 2003 उजाडलं. त्या अस्थिकलशापुढे मी बराच वेळ उभा होतो. 73 वर्षं परक्या मातीत वाट पाहिलेला माणूस आपल्या गावी परत आला, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

उत्तर: मानेवाडा

आम्ही प्रेरणा एक्सप्रेसने अहमदाबाद आणि तिथून रात्रीच्या गाडीने भुजला गेलो होतो. प्रेरणा रोज नसते, वार पाहून घ्या. अहमदाबादला प्लॅटफॉर्म बदलायला हाताशी भरपूर वेळ ठेवा, गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर सांगून ठेवा. विजय विलास राजवाड्याच्या गच्चीवर जायला जिने आहेत, काकांना खालीच बसवा. दाबेली मांडवीचीच, तिथे खाल्ल्यावर आपल्याकडची गोड वाटते. संध्याकाळी किनाऱ्यावर वारा झोंबतो, स्वेटर न्या.

प्रश्नकर्तीचं पुन्हा: प्रतापनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. 22 ला निघालो, मांडवीत तीन रात्री राहिलो, रण सोडून दिलं.

लाकडगंजवाल्या दादांनी सांगितलं तसंच झालं. पहिल्या सकाळी एका अर्धवट जहाजाखाली मिस्त्री काम करत होते. मी मोडक्या हिंदीत सांगितलं की बाबांनी सुतारकाम शिकवलं आहे. त्यांनी बाबांचे हात पाहिले, अंगठ्याजवळचा पटाशीचा जुना वण पाहिला, आणि पुढे मला काही सांगावंच लागलं नाही. बसायला एक ओंडका दिला, चहा मागवला.

बाबांनी घरून पिशवीत गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार, आणला होता, मला न सांगता. इतक्या वर्षांची सवय, लाकडाकडे जायचं तर गुण्या बरोबर हवा. त्यांनी तो काढला, सांगाड्याच्या एका फासळीला लावून पाहिला आणि परत पिशवीत ठेवला. पूर्ण जहाजात काटकोन कुठेच नाही. प्रत्येक फासळीचा बाक वेगळा, वाकसाने तासून, डोळ्यांनी जोखून बसवलेला. बाबा म्हणाले, "मी पोरांना बत्तीस वर्षं सरळ कापायला शिकवलं."

त्यानंतर तिन्ही सकाळी आम्ही तिथेच गेलो. शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी बाबांच्या हातात वाकस दिला आणि एका फळीची कड तासायला सांगितली. गुडघे दुखत होते तरी बाबा उभ्याने तासत राहिले, पंधरा-वीस मिनिटं. समोर भरतीचं पाणी नदीत चढत होतं. मिस्त्रींनी कडेवरून बोट फिरवलं आणि ती फळी बाजूला न टाकता बाकीच्या फळ्यांवर रचून ठेवली.

क्रांतितीर्थही पाहिलं, धरमपेठचे काका. राजवाडा राहिला. कुणाला त्या मिस्त्रींपर्यंत जायचं असेल तर पुलाजवळ उतरा आणि काठाकाठाने चालत जा, ठोकण्याचा आवाज येतो त्या दिशेने.