अ‍ॅक्सोलॉटल गांडूळ थुंकून टाकतोय, ब्लडवर्म सोडून काय देऊ?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी, माझ्याकडे साधारण आठ महिन्यांचा अ‍ॅक्सोलॉटल आहे (पाण्यातच राहणारा, पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी), पांढरा, गुलाबी कल्ल्यांचा, 17 सेंटीमीटरच्या आसपास असेल. मोत्या म्हणतो आम्ही त्याला. घेतला तेव्हा दुकानात सांगितलं की फ्रोझन ब्लडवर्मच (डासासारख्या किड्याच्या लाल अळ्या) द्या, तेव्हापासून रोज रात्री दोन क्यूब चालू आहेत. पण महिनाभर बघतोय, डोकं मोठं दिसतंय आणि पोट आत गेलंय. म्हणून परवा ओळखीच्यांकडून गांडूळखतातली लाल गांडुळं आणली, तर तोंडात घेतो, डोकं झटकतो आणि थुंकतो. पेलेट (तयार खाद्याचे दाणे) टाकले तर त्यावरून चालत पुढे जातो. मित्र म्हणतो चिकनचे बारीक तुकडे दे नाहीतर सरळ गप्पी सोड टँकमध्ये. टँक 2 फुटी, फिल्टर आहे, खाली ग्रॅव्हल, पाणी सध्या 25-26 डिग्री. सातारा. प्लीज कोणीतरी नीट सांगा, काळजी वाटतीये.

निळं_पाणी
दादा, आधी चिकन आणि गप्पी दोन्ही डोक्यातून काढा. चिकन-मटण हे त्याचं अन्नच नाही, त्यातली चरबी त्याला पचत नाही आणि उरलेला तुकडा पाणी नासवतो तो वेगळाच. बाजारातले मासे रोग आणि परजीवी घेऊन येतात, वर गप्पी त्याच्या कल्ल्यांच्या झालरी कुरतडतात. फीडर (खायला घालायच्या) गोल्डफिशचं तर नावच नको, त्यात थायमिनेज नावाचं बी-1 मोडणारं द्रव्य असतं, ते सारखं पोटात गेलं की बी-1 व्हिटॅमिन कमी पडतं.

हा मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला प्राणी. तिथे तळाशी बसून अळ्या, गोगलगायी, किडे, छोटे मासे जे समोरून जाईल ते तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. दात अगदी नावाला, चावत नाही, अख्खं गिळतो. त्यामुळे दोन गोष्टी लक्षात ठेवा. घास त्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा मोठा नको, आणि ते ग्रॅव्हल आजच्या आज काढा, कारण घासाबरोबर खडा आत गेला की आतडं तुंबतं. तळ मोकळा ठेवा नाहीतर एकदम बारीक वाळू.

ब्लडवर्म पिल्लांसाठी ठीक. एवढ्या मोठ्याला ते पुरत नाहीत, म्हणूनच तो वाळलाय. मुख्य जेवण गांडूळच, दुसरं काही शोधत बसू नका. सोबत बुडणारे मऊ पेलेट हळूहळू सवयीने.

खड्ड्यातली_माती
गांडूळ थुंकतोय त्याचं कारण मी सांगते, आमच्याकडे खताचे बेड आहेत. तुम्ही आणलेली ती बारीक, लालसर, अंगावर पिवळट पट्टे असलेली ना? हातात घेतली की पिवळा चिकट स्राव सोडतात, बोटांना उग्र वास राहतो. तो कडू असतो म्हणून हे प्राणी थुंकतात, तुमच्या मोत्याचा काही हट्ट नाहीये तो. खताच्या केंद्रावर आफ्रिकन गांडूळ मागा, जाड असतं, अंगावर जांभळट झाक असते, ते बहुतेक अ‍ॅक्सोलॉटल आवडीने खातात. ते मिळेपर्यंत लाल गांडूळ दोन-चार सेकंद गरम पाण्यात बुडवून, थंड पाण्यात धुऊन, तुकडा करून द्या, कडूपणा बराच जातो. आणि शेतातलं, रस्त्याकडेचं किंवा फवारणी झालेल्या बागेतलं गांडूळ चुकूनही देऊ नका.

निळं_पाणी
ताईंचं बरोबर आहे. अजून एक, जे मला आधीच लिहायला हवं होतं. 25-26 डिग्री खूप झालं हो. याला 16 ते 18 लागतं, 24 च्या वर गेलं की ताण येतो, भूक जाते, पुढे बुरशी धरते. पाण्यावर आडवा येईल असा छोटा पंखा लावा, दोन-तीन डिग्री सहज उतरतात, पाणी उडतं तेवढी रोज भर घाला, नळाचं असेल तर क्लोरीन काढूनच. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पंख्याने भागत नाही, चिलरसाठी (पाणी थंड करायचं यंत्र) आत्तापासून पैसे बाजूला ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट (टँकमधल्या घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) शून्य आहे का तेही टेस्ट किटने बघा, पोटाला काही दिलं तरी पाणी खराब असेल तर तो खाणार नाही.

कोयनाकाठ
दहा दिवसांनी लिहितोय, सॉरी. ग्रॅव्हल काढलं, पंखा लावला, आता सकाळी 21 असतं आणि दुपारी 22. कराडच्या एका खतवाल्याकडून जाड गांडुळं मिळाली. पहिल्या दिवशी चिमट्याने तोंडासमोर धरलं तर नुसता बघत राहिला, मी लाईट बंद करून मोबाईलच्या उजेडात परत धरलं, गांडूळ जरासं वळवळलं आणि याने मान वाकडी करून फटकन ओढलं, शेपटाकडचा भाग तोंडाबाहेर हलत होता, मग दोन घोटांत गायब. थुंकला नाही! आई पण बघायला आली होती. आता रोज द्यायचं का?

खड्ड्यातली_माती
वा, छान! वाळलेला आहे तोवर रोज एक द्या, पोटाची रुंदी डोक्याएवढी झाली की एक दिवसाआड करा, पूर्ण वाढला की दोन-तीन दिवसांनी एकदा. अर्ध्या तासात नाही खाल्लं तर काढून घ्या. उरलेली गांडुळं ओलसर कोकोपीटच्या डब्यात सावलीत ठेवा, झाकणाला भोकं पाडून.