मदत हवी आहे: कारच्या एसीचा गॅस दीड महिन्यात उतरतो, गळती नेमकी कुठे?

२००९ ची पेट्रोल हॅचबॅक, गॅस आर-१३४ए. बॉनेटखालच्या स्टिकरप्रमाणे वजन करून ४५० ग्रॅम भरला की गारवा उत्तम. दीड महिन्यात प्रेशर स्विच कॉम्प्रेसर लागूच देत नाही.

व्हॅक्यूम अर्धा तास टिकला, पण त्यावर भरवसा नाही. व्हॅक्यूममध्ये सील उलट आत ओढलं जातं. १५० पीएसआय नायट्रोजन भरून कंडेन्सर, सर्व्हिस व्हॉल्व्ह, पाइपांच्या जोडांना साबणाचा फेस लावला, बुडबुडा नाही. जोडांचे ओ-रिंग नवे आहेत. यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाकूनही बाहेर कुठे चमक नाही, ड्रेन पाइपच्या पाण्यातही नाही. कॉम्प्रेसरच्या क्लचमागे मात्र थोडी तेलकट धूळ आहे.

संशय दोघांवर: डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर (हवा गार करणारी कॉइल) किंवा कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील. डॅशबोर्ड उतरवण्याआधी खात्री हवी. स्निफर (गॅसची गळती हुंगणारं यंत्र) ड्रेन पाइपशी धरावा की ब्लोअर रेझिस्टरच्या (पंख्याचा वेग ठरवणारा भाग) खाचेतून आत घालावा? आणि शाफ्ट सील फक्त फिरताना गळत असेल, तर ते कसं पकडायचं?