घड्याळाच्या लेदर पट्ट्यावर गरम शिक्क्याने नाव उठवताना पट्टाच आक्रसला, कुठे चुकलं?

उसवलेला_टाका
मंडळी मदत हवीये. वडिलांचं जुनं चावीचं घड्याळ दुरुस्त करून घेतलंय, त्याला नवीन लेदरचा पट्टा लावून द्यायचाय आणि पट्ट्यावर फक्त "अप्पा" एवढंच उठवायचंय, रंगाने छापायचं नाही, दाबून खोल ठसा हवाय. पितळेचा छोटा ब्लॉक करून घेतला, मागे आटे आहेत, तो सोल्डरिंग आयर्नच्या तोंडाला बसतो. आधी घरात पडलेल्या एका टाकाऊ पट्ट्यावर ट्राय मारली. व्हिडिओत बघितलेलं की चामडं आधी ओलं करायचं म्हणजे ठसा मस्त बसतो, म्हणून स्पंजने चांगलं भिजवलं, आयर्न फुल तापू दिलं आणि दहाएक सेकंद दाबून धरलं. चर्रर्र आवाज, केस जळल्यासारखा वास, आणि उचलून बघतो तर अक्षरांच्या भोवती चामडं काळं, कडक, सुरकुतलेलं आणि पट्टा तिथेच वर वळलाय. अक्षर असं की अप्पा आहे का अण्णा ते खुद्द अप्पांनाही कळणार नाही. खरा पट्टा अजून शाबूत आहे, घड्याळाकडे २० मिमी, बक्कलकडे १८, शिवलेला, आत अस्तर. टेंपरेचर किती ठेवू तेवढं सांगा.

पितळी_खिळा
टेंपरेचर नंतर रे भावा, आधी हे बघ की तू दोन वेगळ्या पद्धती एकत्र केल्यास. ओलं करायचं ते गार ठशासाठी, म्हणजे चामडं थोडं दमट करून थंड शिक्का हातोडीने किंवा प्रेसने मारतात तेव्हा. गरम शिक्का कोरड्या चामड्यावर, फार तर ओलसर बोट फिरवल्याइतकं. कारण असं की चामडं म्हणजे शेवटी प्रथिनाचे तंतू, आणि भिजलेले तंतू खूप कमी उष्णतेला आक्रसतात. झाडाच्या सालीबिलीने कमावलेलं म्हणजे वेज टॅन चामडं ओलं असेल तर साधारण ७० ते ८५ डिग्रीलाच गोळा व्हायला लागतं, कोरडं असेल तर त्याहून बरंच जास्त सहन करतं. आणि तुझं आयर्न रेग्युलेटर नसलेलं असेल तर ते आरामात ३५० च्या वर जातं. म्हणजे तू ठसा मारला नाहीस, पट्टा शिजवलास. जिथे आक्रसलं तिथे आता काही होत नाही, ते तंतू परत सरळ होत नसतात, उगाच तेल चोळत बसू नको.

आकडाच हवा असेल तर कोरड्या वेज टॅनला मी ९० पासून सुरू करतो, ५-५ ने वर जातो, बहुतेक वेळा १०० ते १२० मध्ये काम होतं, दोन ते चार सेकंद. पण आयर्न तापमान सेट करता येणारं घे. आणि डिस्प्लेवर दिसतो तो आतल्या हीटरचा आकडा, पितळेच्या तोंडाचा नाही, ब्लॉक मोठा असेल तर चांगलाच फरक पडतो. पंधरावीस मिनिटं तापत ठेव आणि मल्टिमीटरला टेंपरेचरची वायर असेल तर ब्लॉकला टेकवून बघ.

घरबशी
पण लेदर कुठलं आहे ते कोणी विचारलंच नाही. बाजारातले बरेच तयार पट्टे क्रोम टॅनचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे असतात. क्रोमवालं उष्णतेला जास्त दाद देत नाही, उकळत्या पाण्यातही लगेच आक्रसत नाही, आणि स्पंजसारखं परत वर येतं, म्हणजे ठसा आज कडक दिसेल आणि आठवड्याभराने पुसट. मग लोक काय करतात तर टेंपरेचर वाढवतात, आणि मग वरचा फिनिश चकाकतो किंवा चिकट होतो आणि दोष शिक्क्याला. दादा, अस्तराच्या बाजूला आणि वरच्या बाजूला पाण्याचा एकेक थेंब टाकून बघ. थेंब मुरला आणि तिथे डाग गडद झाला तर वरून कोटिंग नाही, आशा आहे. मोत्यासारखा बसून राहिला तर वर प्लास्टिकसारखा थर आहे आणि गरम पितळ त्यालाच आधी चिकटणार. कापलेली कड रंगवलेली नसेल तर तीही बघ, क्रोमच्या कडेला आत बरेचदा निळसर करडी रेघ दिसते, वेज टॅन आरपार तपकिरी असतं. हे शंभर टक्के नाही हं, रंग आत मुरवलेला असेल तर फसायला होतं.

अर्धा_मिलिमीटर
अक्षराबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, माझं दुखणं तेच आहे. इंग्रजी सुटी अक्षरं होल्डरमध्ये लावून मारता येतात, आपल्या लिपीत तसं केलं की दोन अक्षरांमध्ये शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो, आणि जोडाक्षर तर सुट्यांत मिळतही नाही. त्यामुळे अख्ख्या शब्दाचा एकच ब्लॉक केलास ते बरोबर. आणि नशीब काढलंस, "अप्पा" मध्ये वर वेलांटी नाही की खाली उकार नाही, म्हणजे आहे ती सगळी उंची अक्षराला मिळते. मी एकदा "गुरुजी" करायला घेतलं होतं, खाली उकार वर वेलांटी, मधल्या अक्षराला जागाच उरेना.

आता मोजून बघ. १८ मिमी रुंदी, दोन्हीकडे शिलाई कडेपासून ३ मिमी धरली की मध्ये १२, टाक्याला शिक्का लागायला नको म्हणून अजून थोडं सोड, म्हणजे आडवं लिहिलंस तर १० मिमीत शब्द बसवायचा. पट्ट्याच्या लांबीत उभं लिही, अक्षर ४ ते ५ मिमी उंच. प मधली पोकळी आणि प्प च्या मधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर चामडं फुगून ती बुजते, तुझं अप्पाचं अण्णा बहुतेक तिथेच झालंय, फक्त उष्णतेने नाही. ब्लॉकचा फोटो टाक.

उसवलेला_टाका
फोटो टाकता येत नाहीये, कॅलिपरने मोजलं, प्प मधली फट ०.३ आहे. म्हणजे गेला ब्लॉक? थेंबाचं पण केलं, बाहेरच्या बाजूला थेंब बसून राहिला, अस्तरात मात्र मुरला आणि अस्तर आरपार फिकट तपकिरी आहे. आता?

पितळी_खिळा
मग बाहेरून मारूच नको, आतून मार. घरबशी ताईंनी सांगितलेला थेंब कामाला आला बघ.

घरबशी
आतून चालेल पण जागा नीट निवड. अस्तर घामाला लागतं, तिथे सोनेरी फॉईल वगैरे लावली तर काही दिवसांत उडेल, नुसता ठसा टिकेल. त्यातही एक सोपी जागा आहे जी बरेच जण बघत नाहीत, लांब पट्ट्याचं शेपूट, म्हणजे शेवटच्या भोकाच्या पुढचं टोक. पट्टा बांधल्यावर ते टोक आखूड पट्ट्याच्या वर येतं, म्हणजे त्याची आतली बाजू कातडीला लागतच नाही, दुसऱ्या पट्ट्याला लागते. तिथे घाम कमी आणि घड्याळ काढलं की नाव दिसतं. बाहेरून शेपटावर मारलं असतंस तर रोज पट्ट्याच्या टोक अडकवायच्या कड्यांमधून आत बाहेर करताना घासलं गेलं असतं आणि बांधल्यावर कडीखालीच झाकलं असतं. शिवाय घड्याळाकडचा भाग फुगीर असतो, आत भराव असतो, तिथे दाब दिला की ठशाऐवजी खड्डा पडतो. शेपूट बहुतेक सपाट असतं.

निवांत_बसलोय
मी तर म्हणतो गरम नकोच, अस्तर दमट कर आणि गार शिक्का मार, इतका खटाटोप कशाला.

पितळी_खिळा
सुट्या चामड्यावर तेच करतो मी पण. तयार पट्ट्यावर नाही. अस्तर भिजलं की पाणी मधल्या थरापर्यंत जातं आणि वाळताना पट्टा वाकडा होतो, कधी अस्तरच सुटतं. आणि शिवलेल्या पट्ट्यावर हातोडी म्हणजे समोरच्या बाजूला डाग ठरलेला.

गरम करताना पण थर चिकटवणारं सोल्युशन ढिलं पडतंच, म्हणून कमी वेळ धरायचा आणि उचलल्यावर लगेच सपाट वजनाखाली गार होऊ द्यायचं. शिलाईचा दोरा पॉलिएस्टर असेल तर तो साधारण २५० च्या आसपास वितळतो, ११० ला त्याला काही होत नाही पण तुझ्या त्या जुन्या आयर्नने झालं असतं. खाली कडक सपाट फळी, तिच्यावर एकच पुठ्ठा. रबर ठेवू नको, अक्षराच्या कडा गोल होतात. हाताने दाबू नको, हात हलतो आणि दुहेरी अक्षर उठतं, ड्रिल स्टँड असेल तर त्यात आयर्न बांध आणि नुसता दांडा खाली ओढ. एकदाच. परत त्याच जागी टेकवायचा मोह आवर, तो ठसा पुन्हा तंतोतंत बसत नाही.

अर्धा_मिलिमीटर
ब्लॉक गेला नाही, ०.३ ची फट बारीक कानशीने किंवा ब्लेडने थोडी मोकळी करता येते, पितळ मऊ आहे, भिंग लावून कर. नाही जमलं तर नवीन करताना आर्टवर्क उलटं आहे का ते आरशात बघून दे. मी एकदा सुलटं पाठवलं होतं, मग "आई" फक्त आरशात वाचता येईल असा पट्टा झाला.

उसवलेला_टाका
अपडेट. फट मोकळी केली, साधारण अर्धा झालीये. तापमान सेट करता येणारं सोल्डरिंग स्टेशन मित्राकडून आणलं. अस्तरासारखाच पातळ तुकडा मिळाला त्यावर तीन ठसे मारले. ९५ ला पुसट, १०५ ला तीन सेकंद एकदम सुंदर, तपकिरीवर किंचित गडद आणि कडा धारदार, ११५ ला मात्र शिरोरेघेच्या बाजूला हलकी काळी झाक आली. म्हणजे १०५. कागदाची एल आकाराची अडण करून पट्टा तिच्यात टेकवतोय म्हणजे सरळ बसेल. उद्या सकाळी खऱ्या पट्ट्यावर.

पितळी_खिळा
१०५ तुझ्या तुकड्यासाठी. पट्ट्याला मागे भराव आणि दुसरा थर आहे, दाब थोडा विरेल, तेव्हा पुसट आला तर दांडा जास्त ओढ, आकडा वाढवू नको.

निवांत_बसलोय
आणि बक्कल काढून ठेव आधी, स्प्रिंग बार पण, म्हणजे पट्टा ज्या स्प्रिंगच्या दांडीवर अडकतो ती. मी विसरलो होतो, पट्टा फळीवर बक्कलसकट ठेवला आणि दांडा ओढला, नावापेक्षा बक्कलचाच ठसा खोल उठला.