ड्राय बाल्कनी आणि अमेरिकेतला गॅस

सेक्रेटरी (ए-104): काल पाइप गॅसची तपासणी झाली. 9 फ्लॅटना शेरा मिळालाय, कारण एकच, ड्राय बाल्कनीला स्लायडिंग लावलंय आणि किचनच्या भिंतीतलं वरचं भोक बुजवलंय. उघडा म्हणतात.

बी-402: म्हणजे आता सरकार आमच्या ओट्यापर्यंत आलं. अमेरिकेत तर गॅसच्या शेगडीवर बंदीच घातलीय, फॉरवर्ड टाकतो बघा, उद्या आपल्याकडे पण येणार 🙏

सी-203: काका फॉरवर्ड जुना आहे आणि अर्धवट पण. तो कॅलिफोर्नियातल्या बर्कले शहराबद्दल आहे, माझी बहीण तिथेच असते. तिथे 2019 ला नियम केला तो नव्या बिल्डिंगमध्ये गॅसची लाईन टाकायची नाही असा, कुणाच्या घरातली शेगडी उचलून नेली नाही, आणि 2023 ला तो पण कोर्टात उडाला. त्याच वर्षी जानेवारीत तिकडच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा एक सदस्य बंदीचं बोलला, लगेच आयोगाच्याच अध्यक्षांनी सांगितलं की आमचा तसा विचार नाही. पण तोवर शेगडीचं पार राजकारण झालं होतं.

बी-402: मग त्यांना एवढं खुपलं काय?

सी-203: ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, दम्याच्या मुलांना त्रास होतो. बहिणीकडची चिमणी तर हवा गाळून परत किचनमध्येच सोडायची 😅 आपल्याकडे पण पाइप बाहेर न काढता बसवलेल्या आहेत की कितीतरी.

ए-301: ते सगळं खरं गं पण इंडक्शनवर भाकरी फुगवून दाखव मला. आणि भरताचं वांगं? परवा दुपारी तीन तास लाईट नव्हती तेव्हा याच शेगडीवर सगळ्यांचा चहा झाला. कुणी कशावर शिजवायचं ते सरकारने नको सांगायला.

डी-102: काकू शेगडीचं पटलं, पण नळीचं तरी सरकारने सांगावंच. आमच्या विंगला अजून लाईन नाही, सिलिंडरच आहे. दिवाळीच्या साफसफाईत सिलिंडर सरकवला तर मागे भिंतीला घासून नळी वाकलेली, वाकलेल्या जागी बारीक भेगा, वर छापलेलं साल 2016. ती पाच वर्षांत बदलायची असते. रोज तिथेच उभं राहून पोळ्या करतो आम्ही आणि कधी खाली वाकून बघितलं नाही. सिलिंडरच्या कड्यावर पण आतल्या बाजूला बी-28 असं लिहिलेलं असतं, बी म्हणजे एप्रिल ते जून, 28 म्हणजे 2028 साल, त्याच्या आत टेस्टिंग व्हायला हवं. घेताना बघत जा.

बी-402: नळीचं मान्य. पण भोक कशाला? झुरळं येतात तिथून, म्हणून तर सिमेंट भरलं.

सी-203: काका पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर छताकडे जातो, म्हणून भोक वर. सिलिंडरचा जड, तो खाली फरशीवर साचतो. सिमेंट काढून बारीक जाळी लावा, झुरळं पण अडतील.

ए-301: आणि जाळीला चिकटा धरतो तो महिन्याला कोण पुसणार? काका की काकू? 😄

बी-402: 🙏🙏 बघतो.

सेक्रेटरी (ए-104): शनिवारी 11 ला परत येतायत. त्या 9 जणांनी ड्राय बाल्कनीतली खोकी आधी काढून ठेवा, काल त्यांना मीटरपर्यंत पोचता आलं नाही.

ए-301: माझ्याकडे खोकं नाही, लोणच्याच्या बरण्या आहेत. हात न लावता तपासा म्हणावं.